चौदा नंबरची खाच

छबूबाईला शिकलेल्या माणसांचा वीट आला होता, आणि ती तो लपवत नसे. नगरच्या त्या धर्मादाय दवाखान्यात तिची पंधरा वर्षं गेली. पहिली सात फरशी पुसण्यात, पुढची आठ रक्तदात्यांच्या कार्डांत. फरशीवरची घाण डोळ्यांना दिसते आणि फिनेल टाकलं की जाते, असं तिचं म्हणणं. कार्डांतली घाण मात्र पदव्या घेतलेले लोक खाली सही ठोकून घालतात, आणि ती निस्तरायला चौथी शिकलेली बाई लागते. हे ती डॉक्टरांच्या तोंडावर बोलायची. डॉक्टर हसायचे. त्या हसण्याचाही तिला राग यायचा.

बाई मूळची कर्जतकडची. छप्पन सालानंतर त्यांच्या वस्तीनं घरातले देव फडक्यात गुंडाळून सीना नदीत सोडले, तेव्हा ती विशीत होती. पुढं नवऱ्यानं दुसरी आणली, तशी ही एक पत्र्याची पेटी उचलून नगरला आली ती कायमची. अंगानं काटकुळी, कपाळ मोकळं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. रेकॉर्डच्या खोलीत कुणी पाऊल टाकलं की ती आधी त्याच्या पायांकडं बघायची आणि मग तोंडाकडं. फरशी पुसण्याची सवय जात नाही म्हणतात ते असं.

पासष्ट साली पारनेरकर डॉक्टरांनी ती कार्डं आणली. पोस्टकार्डाहून थोडं मोठं, जाड पुठ्ठ्याचं कार्ड आणि कडेला ओळीनं वीस भोकं, प्रत्येकाला नंबर. एक माणूस म्हणजे एक कार्ड. रक्त ए असेल तर एक नंबरचं भोक, बी असेल तर दोन, एबीला तीन, ओला चार. कंडक्टरकडं असतो तसल्या चिमट्यानं ते भोक कडेपर्यंत कापायचं, झाली खाच. मग सगळा गठ्ठा धरून, समजा, चार नंबरच्या भोकातून स्वेटर विणायची लांब सुई आरपार घालायची आणि उचलून हलवायची. ज्यांना तिथं खाच आहे ती कार्डं सुईवर टिकत नाहीत, खाली पडतात. बाकीची लटकून राहतात. चारशे माणसांतले ओ रक्ताचे लोक दहा आकडे मोजायच्या आत टेबलावर हजर.

चौदा नंबर निगेटिव्हचा होता. निगेटिव्ह रक्ताची माणसं शंभरात चार-पाच, आणि त्यांना चढवायला दुसऱ्या निगेटिव्हचंच रक्त लागतं, एवढं डॉक्टरांनी हेडक्लार्कला समजावून सांगितलं. हेडक्लार्कला ते समजलं नाही. त्याच खोलीत फरशी पुसणाऱ्या छबूबाईला समजलं. हेडक्लार्क सुई घालायचा, कार्डं पाडायचा, आणि मग विश्वास बसत नाही म्हणून एकेक उलटून मागं लॅबवाल्यानं काय लिहिलंय ते वाचत बसायचा. मग सुई कशाला, चाळणी घेऊन बसा की, असं छबूबाई एकदा बोलली. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि सुई तिच्याच हातात दिली.

तिनं त्या सुईचं सोनं केलं. ओ आणि निगेटिव्ह दोन्ही हवं असेल तर दोन फेऱ्या कशाला, चारात एक आणि चौदात एक अशा दोन सुया एकदम घालायच्या. एका सुईनं जरी अडवलं तरी कार्ड लटकतं. दोन्हीकडं खाच असेल तेच पडतं. ए किंवा बी, कुठलंही चालेल अशी गरज असेल, तर एक सुई घालून पडलेली बाजूला ठेवायची आणि लटकलेल्यांना दुसरी घालायची. हे तिला कुणी शिकवलं नाही. डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा म्हणाले की हे गणित आहे. ती म्हणाली, गणित असंल तर तुमचं, माझी सुई हाय.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग बाकीच्या शहाण्यांना जाग आली.

आधी एका कॉलेजानं रक्तदानाचा कॅम्प घेतला आणि दोनशे कार्डांचा डबा पाठवून दिला. कार्डं तीच, भोकं तीच, नंबर तेच. छबूबाईनं आपल्या रिवाजानं दोन सुया घातल्या, पडलेल्या ढिगातली वरची चार नावं काढली आणि त्या चार प्राध्यापकांना वर्गातून उठवून आणलं. चौघांपैकी एकाचंही रक्त ओ नाही, निगेटिव्ह नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की तिथल्या सरांनी पद्धत उलटी ठेवली होती. ज्याच्यात जे नाही, तिथं खाच. म्हणजे पडतील ती टाकायची आणि लटकतील ती घ्यायची. का, तर एका परदेशी पुस्तकात तसं होतं म्हणे. छबूबाईनं त्या सरांना विचारलं की पुस्तकवाल्याला रक्त लागलंय का कुणाचं. सर त्यानंतर दवाखान्यात फिरकले नाहीत.

त्या डब्याशी ती आठ दिवस झटली. उलट्या पद्धतीत दोन सुया एकदम घातल्या की सगळा घोळ. ओ असला तरी लटकतो, निगेटिव्ह असला तरी लटकतो, दोन्हींतलं काहीही असलं तरी लटकतो. तिथं एक सुई घालायची, लटकलेली तेवढी घ्यायची, आणि त्यांना पुन्हा दुसरी घालायची. जे आपल्या डब्यात ‘दोन्ही’ होतं ते या डब्यात ‘कुठलंही’ झालं होतं. हे उमगलं त्या दिवशी तिनं जेवणाचा डबाच उघडला नाही, इतकी शिसारी आली तिला. एकाच गावात, एकाच कामाला, तीच सुई आणि तेच पुठ्ठे, आणि तरी प्रत्येकाला आपली वेगळी चूल हवी.

त्यातून तिनं स्वतःपुरता एक नेम केला. परका डबा आला की आधी त्याला ओळखीचं माणूस विचारायचं. ज्याचं रक्त आपल्याला पक्कं ठाऊक आहे असा एक गडी त्या डब्यात शोधायचा, सुई घालायची, आणि तो बरोबर पडतो की लटकतो ते बघायचं. तो खरा निघाला तरच डबा खरा. हा नेम तिनं नर्सबायांना शिकवला, लॅबवाल्याला शिकवला. नेम मोडलेला दिसला की ती सगळ्यांसमोर पाणउतारा करायची.

तिसरा डबा आला तो वीसेक मैलांवरच्या एका साखर कारखान्याकडून. तिथले वेल्फेअर ऑफिसर आप्पासाहेब स्वतः आधी येऊन गेले होते. माणूस गोड, बोलणं गोड, पांढरी शुभ्र पँट आणि खिशाला दोन पेनं. कॉलेजासारखा घोटाळा आम्हाला नको, तुमचीच पद्धत आम्ही ठेवणार, असं म्हणून त्यांनी भोकांचा तक्ता मागितला. छबूबाईनं आपल्या हातानं, वळणदार अक्षरात, वीसच्या वीस नंबर लिहून दिले. शिकलेल्या माणसानं आपल्याकडून काही लिहून नेलं याचं तिला त्या दिवशी किती अप्रूप वाटलं असेल, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. महिन्याभरानं सहाशे बारा कार्डांचा चकचकीत डबा आला. सगळ्या खाचा कशा सुरेख, एका रेषेत. तिनं तो कपाटात वरच्या फळीवर ठेवला. त्याला ओळखीचं माणूस विचारलं नाही. तक्ता तिचाच होता, मग विचारायचं काय.

हे झालं बहात्तर सालच्या शेवटी. पुढचा मार्च आला तो विहिरींचे तळ दाखवत. सगळा जिल्हा खडी फोडायला बसलेला. त्या खडीवरून, तिसगावकडून, एका सकाळी नऊला ट्रकमधून भागिरथी नावाची बाई आली. आदल्या दिवशी बाळंत झालेली, पोर घरी सासूपाशी, आणि हिचं रक्त थांबत नव्हतं. बरोबर नवरा, बन्सी. हाताला खडीचा पांढरा धुरळा तसाच, अंगात बंडी, आणि बायकोच्या अंगाखाली त्यानं आपलंच धोतर घातलेलं. भागिरथीचं रक्त ओ निगेटिव्ह निघालं. फ्रिजमध्ये तसली बाटली नव्हती. बन्सीचं रक्त बघितलं, ते बी पॉझिटिव्ह.

डॉक्टर स्वतः रेकॉर्डच्या खोलीत आले. दुपारपर्यंत दोन माणसं मिळाली तर बाई वाचेल, एवढंच बोलून ते परत वळले. त्यांच्यामागं बन्सी उभा होता. त्याला रक्ताचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "कुनाचंबी घ्या. पन घ्या."

छबूबाईनं आपला डबा काढला. दोन सुया, एक झटका. तीन कार्डं पडली. एक गडी दुष्काळात गाव सोडून गेलेला, दुसऱ्यानं गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं, तिसरी बाई सात महिन्यांची पोटुशी. कॉलेजचा डबा काढला, एक सुई, मग दुसरी. एकच कार्ड लटकलं आणि तो विद्यार्थी परीक्षा संपवून गावी गेला होता. मग तिनं वरच्या फळीवरून कारखान्याचा डबा उतरवला. सहाशे बारा कार्डं एका गठ्ठ्यात मावेनात, चार गठ्ठे केले. चारात सुई, चौदात सुई. एकोणीस कार्डं पडली.

एकोणीस. आपल्या चारशेत तीन आणि यांच्या सहाशेत एकोणीस, हे कसं, असं तिच्या मनात आलं. आलं आणि गेलं. नशीब उघडलं म्हणून तिला हायसं वाटलं. पडलेली कार्डं उलटून बघायला एक मिनिट लागलं असतं, मागं कॅम्पच्या डॉक्टरनं प्रत्येकाचं रक्त पेनानं लिहिलेलं होतं. पण उलटून बघणं हे हेडक्लार्कचं काम. ती नावं घेऊन फोनकडं पळाली.

कारखान्याचा ट्रंक कॉल लागायला पंचवीस मिनिटं गेली. आप्पासाहेब बैठकीत होते, पण माणसं हलली. एकोणिसांपैकी आठ जण पाळीवर होते, ते जीपमध्ये बसले आणि साडेअकराला जीप दवाखान्याच्या आवारात शिरली.

छबूबाई व्हरांड्यात उभी होती. पहिला उतरला तो छगन नावाचा, बॉयलरवरचा, दंडाला भाजल्याचा डाग. तिला बघून त्यानं हात जोडले आणि "जयभीम, अक्का," म्हणाला. तिनं जयभीम केला. मागचा उतरला, जयभीम. त्याच्या मागचा, जयभीम. आठही जण उतरले आणि आठांनीही तोच नमस्कार केला. छबूबाईला आधी बरं वाटलं, आपलीच माणसं वेळेला आली म्हणून. त्यांना लॅबकडं नेताना वाटेतच ती थबकली. कारखान्यात सगळ्या जातींची माणसं. ओ निगेटिव्ह रक्त काय वस्ती बघून येतं?

लॅबवाल्यानं एकेकाचं थेंबभर रक्त काचेवर घेतलं. पहिला ओ पॉझिटिव्ह. दुसरा ओ पॉझिटिव्ह. तिसरा आला तोवर ती खुर्चीवर बसली होती. आठही जण ओ होते आणि आठही जण पॉझिटिव्ह. छगन बिचारा दुसरा हात पुढं करून म्हणत होता की ह्या हाताचं बघा, ह्याचं निघंल.

ती रेकॉर्डच्या खोलीत धावली. आता तिला कळलं होतं की चौदा नंबरच्या भोकात काय आहे, फक्त मान्य करायचं होतं. तिनं नुसती चौदात सुई घातली, चार नंबर सोडून दिला. त्र्याहत्तर कार्डं पडली. नावं वाचली, आडनावं वाचली, पत्ते वाचले. बौद्धवाडा, राजवाडा, नवी वस्ती, पुन्हा बौद्धवाडा. तिच्या तक्त्यातला चौदा नंबर आप्पासाहेबांनी निगेटिव्हकडून काढून घेतला होता आणि जातीला दिला होता. निगेटिव्हला भोकच ठेवलं नव्हतं.

मग ती सहाशे बारा कार्डं उलटून वाचायला बसली. चष्मा घामानं सारखा घसरतोय, कॅम्पच्या डॉक्टरचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, आणि ओ निगेटिव्ह असं सरळ न लिहिता त्यानं खुणा केलेल्या. पहिली दीडशे झाली असतील. तेवढ्यात कारखान्याचा ड्रायव्हर दारात आला आणि अजून किती वेळ लागेल, साहेब ओरडतील, असं विचारून गेला. तिनं त्याला खेकसून हाकललं. अडीचला नर्स आली. भागिरथी गेली होती.

आठही जण तोवर बाकावर बसून होते. कुणी जेवलं नव्हतं. बन्सी त्यांच्याजवळ गेला आणि त्यानं एकेकाला हात जोडले, आलात म्हणून. मग छबूबाईकडं वळून त्यानं विचारलं, "एवढी मानसं आली आन् येकाचंबी कसं जुळलं न्हाई वो, बाई?"

छबूबाईनं मान खाली घातली. बन्सी उत्तर न मिळताच गेला.

उरलेली कार्डं तिनं दुसऱ्या दिवशी वाचली. डॉक्टरांनी नको म्हटलं तरी वाचली. सहाशे बारांत ओ निगेटिव्ह दोन निघाले. एक कारखान्याच्या शाळेतल्या मास्तरीणबाई. दुसरं कार्ड तिनं उलटून सुलटून चार वेळा पाहिलं. नाव गोरक्ष, काम जीप ड्रायव्हर. म्हणजे तोच, जो दारात उभा राहून किती वेळ लागेल म्हणून विचारत होता. साडेअकरापासून अडीचपर्यंत तो आवारात बिड्या ओढत बसला होता, आणि भागिरथीला लागणारं रक्त त्याच्या अंगात फिरत होतं. छबूबाईला आप्पासाहेबांची किळस आली हे खरं. पण त्या दिवसापासून तिला स्वतःच्या हातांचीही किळस येऊ लागली. भाकरी थापताना ती मधेच थांबायची आणि हात धुऊन यायची.

तिनं रडून वगैरे दाखवलं नाही. पुढचे चार दिवस ती जाड कागदाच्या पट्ट्या आणि खळ घेऊन बसली. त्या त्र्याहत्तर कार्डांची चौदा नंबरची खाच तिनं एकेक करून बुजवली, वाळवली, आणि तिथं पुन्हा गोल भोक पाडलं. मग सहाशे बारांतली सगळी निगेटिव्ह माणसं काढून त्यांना चौदावर खाच मारली. ए, बी, एबी, ओ, सगळे मिळून सव्वीस. शेवटी एक सोडून पाच ओळखीची कार्डं त्या डब्याला विचारून पाहिली. पाचही खरी निघाली.

पंधरा दिवसांनी आप्पासाहेब आले. दुसरा कॅम्प झाला होता आणि दोनशे नवी कार्डं होती. झाल्या प्रकाराबद्दल त्यांनी वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि माणसाला खरंच वाईट वाटलं होतं, तेच तर ओंगळ होतं. डॉक्टर शस्त्रक्रियेत होते म्हणून त्यांना छबूबाईसमोर बसावं लागलं. तिनं सरळ विचारलं की चौदा नंबर का बदलला.

"लोक विचारतात हो बाई," आप्पासाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "कुणाचं चढवलं, म्हणून. नंतर कटकट नको, आधीच बाजूला काढता यावं, एवढाच हेतू. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"कोन इचारतं?"

"विचारतात."

"बन्सीनं न्हाई इचारलं."

बन्सी कोण ते आप्पासाहेबांना ठाऊक नव्हतं. छबूबाईनं सांगितलंही नाही. तिनं डबा पुढं सरकवला आणि सुई त्यांच्या हातात दिली, तुमचे ते बाजूला काढायचे लोक काढून दाखवा म्हणाली. ते ओशाळले, पण स्वतःच्या पद्धतीचा अभिमान माणसाला गप्प बसू देत नाही. वरचाच गठ्ठा त्यांनी घेतला, ओ रक्ताचा. तो तिनं आधीच वेगळा करून ठेवला होता. चौदात सुई घातली, उचलला, हलवला. एकोणीस पडायला हवी होती. दोन पडली.

पहिलं कार्ड त्यांनी वाचून ठेवून दिलं. दुसरं हातात धरून ते म्हणाले, "हा तर आमचा गोरक्ष. हा कसा यात? हा आमच्यातला आहे."

"उलटून बघा मागं."

त्यांनी उलटून पाहिलं. डॉक्टरची ती मुंग्यांची रांग त्यांना बरोबर वाचता आली. छबूबाई म्हणाली की त्या दिवशी जीप यानंच आणली होती. आप्पासाहेबांनी रुमाल काढून मान पुसली, दोनदा पुसली. मग आवाज उतरवून म्हणाले की हे त्याच्या कानावर घालू नका, उगाच जिवाला लावून घेईल, पोरगा हळवा आहे. आणि डॉक्टरांनाही आता सांगून काय उपयोग, गेलेली बाई काही परत येत नाही.

ते ऐकून छबूबाई उठली. आयुष्यभर तिनं लोकांची घाण पुसली होती, ओकारी, पू, रक्त सगळं. इतकी घाण तिनं पाहिली नव्हती, आणि त्या घाणीत आपलाही हात कोपरापर्यंत बुडालेला आहे हे तिला दिसत होतं. साहेबांना जीपमधून घेऊन आलेल्या गोरक्षला तिनं खिडकीतून हाक मारली.

तो आला. पंचविशीचा, खाकी कपडे, हातात जीपची किल्ली फिरवत. तिनं त्याचं कार्ड त्याच्या हातात दिलं आणि जे होतं ते सांगितलं, भोकाचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं. मग म्हणाली, "आन् मी सुई घातली, पन पाठ न्हाई बघितली. बघितली आस्ती तर घोळ तवाच कळला आस्ता, आन् तुजं नावबी निघालं आस्तं. ह्यात माजाबी वाटा हाय."

गोरक्षनं कार्ड उलटून पाहिलं. "मला कुनी सांगितलंच न्हाई माजं रगत कसलं हाय ते," तो म्हणाला. "मी तर हितंच हुतो."

आप्पासाहेब काहीतरी बोलू लागले. त्याचं लक्ष नव्हतं. त्यानं विचारलं की ती बाई कुठली. तिसगावची, असं छबूबाईनं सांगितलं. नवरा आहे, पंधरा-वीस दिवसांचं पोर आहे, आणि का जुळलं नाही म्हणून तो विचारत होता, त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

गोरक्षनं जीपची किल्ली टेबलावर ठेवली आणि पाथर्डीकडची एसटी किती वाजता सुटते ते विचारलं.

"थांब," छबूबाई म्हणाली, "मीबी येते." तिनं दोन्ही सुया ड्रॉवरमध्ये टाकल्या, चपला घातल्या आणि खोलीचं कुलूप हातात घेऊन आप्पासाहेब बाहेर पडायची वाट बघत दारात उभी राहिली.

आप्पासाहेब किल्लीकडं बघत होते. "अरे, पण मला गाडी चालवता येत नाही," ते म्हणाले. "मी परत कसा जाऊ?"